सहा जणींचं मंडळ

ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला की माझ्या फोनवर अलाबामा सुरू होतं. टस्कलूसा गावातलं विद्यापीठ, पांढऱ्या खांबांच्या हवेल्या, त्यांच्या दारांत एका रंगाचे कपडे घालून टाळ्या पिटत गाणाऱ्या मुली, आणि आज आपण काय काय घातलंय याची कानातल्यांपासून चपलांपर्यंत यादी वाचून दाखवणाऱ्या अठरा वर्षांच्या नवख्या. २०२१ मध्ये टिकटॉकवर हा ‘बामा रश’ असा काही पसरला की कोथरूडमधल्या माझ्या भाचीनेही विचारलं, ‘मावशी, तुमच्याकडे कॉलेजात जायचं म्हणजे हे सगळं करावं लागतं का?’ दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास मुली तिथे आठवडाभर या घरातून त्या घरात फिरतात, हसतात, गप्पा मारतात आणि शेवटच्या दिवशी लिफाफा फोडून कोणत्या घराने आपल्याला पसंत केलं ते वाचतात. मग किंचाळत त्या घराकडे धावत सुटतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रम पाहिलेल्या माणसाला यात नवं काही वाटू नये. फक्त इथे पोहे नसतात.

ही घरं म्हणजे सॉरॉरिट्या, ग्रीक अक्षरांची नावं लावणारी कॉलेजातल्या मुलींची मंडळं. मी ज्या सॉरॉरिटीची सल्लागार आहे, तिच्यात सध्या सहा जणी आहेत.

ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. आमच्याकडे विद्यार्थ्यांना संघटना नोंदवायची तर अर्जावर विद्यापीठातल्या कुणा नोकरदाराची सल्लागार म्हणून सही लागते. दक्षिण आशियाई मुलींनी मिळून एक नवी सॉरॉरिटी काढायची ठरवली तेव्हा सहीसाठी त्या माझ्याकडे आल्या, कारण अख्ख्या कॅम्पसवर आपल्या आईसारखी दिसणारी नोकरदार बाई त्यांना एवढीच सापडली. हवेली वगैरे काही नाही. तिसऱ्या मजल्यावरची अभ्यासाची खोली दोन तासांसाठी आपल्या नावावर करून घ्यायची, फळ्यावर सभेचे विषय लिहायचे आणि निघताना फळा पुसायचा. एकीचं घर डेटनला, मराठी. ती मला मावशी म्हणते. बाकीच्यांची मी आंटी. एक तेलुगू, एक पंजाबी, एक बांगलादेशी, एक गुजराती जिच्या आईवडिलांचं मोटेल आहे, आणि एक गयानाची. तिचे खापरपणजोबा गिरमिटिया म्हणून उसाच्या मळ्यावर गेले होते, आणि जुन्या हिंदी सिनेमाची गाणी या सगळ्यांत तिलाच जास्त पाठ आहेत.

आधी त्या अकरा होत्या. मे महिन्यात पाच जणी पदवी घेऊन गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. हिवाळ्यात एका सभेनंतर अध्यक्ष मुलगी मागे थांबली आणि म्हणाली, ‘आंटी, बंद करून टाकू या का? टेबल लावतो तेव्हा शेजारी ऐंशी जणींची सॉरॉरिटी असते. लाज वाटते.’ तेव्हा मी तिला जे बोलले ते इंग्रजीत होतं, तुटक होतं आणि ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली होती. तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. तिला मराठी येत नाही, पण तिच्यासारख्या मुलींच्या आयांना येतं.

मुली येत नाहीत याचं खापर या पोरी स्वतःवर फोडतात. पोस्टर बरं नव्हतं, इन्स्टाग्रामवर आपण कमी पडलो, आपण ‘कूल’ नाही. पोस्टर खरंच बरं नव्हतं, पण कारण बरंच मागे आहे. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून जास्त मुलं जन्मली. त्याच्या पुढच्या वर्षी मंदीने लोकांची घरं गेली, नोकऱ्या गेल्या. जन्मांचा आकडा खाली आला तो पुन्हा तिथवर चढलाच नाही. २००७ ची ती मुलं आता कॉलेजात शिरली आहेत आणि त्यांच्या मागची रांग आखूड आहे. लहान लहान कॉलेजं बंद पडत आहेत किंवा शेजारच्या मोठ्या कॉलेजात विलीन होत आहेत. त्यात मध्ये करोना येऊन गेला. संघटना कशी चालवायची, खोली कुणाकडे मागायची, हिशेब कुठल्या कार्यालयात द्यायचा हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नसतं. ते वरच्या वर्गातली मुलगी खालच्या वर्गातल्या मुलीला पायऱ्या उतरता उतरता सांगते. वर्षभर सगळे आपापल्या खोलीत स्क्रीनसमोर बसले तेव्हा त्या पायऱ्याच गेल्या. शिवाय पैसा. आमच्या गुजराती मुलीला शनिवार-रविवार मोटेलच्या काउंटरवर बसावं लागतं. सॉरॉरिटीचे बहुतेक कार्यक्रम शनिवारीच असतात.

पण याहून महत्त्वाची गोष्ट साध्या हिशेबाची आहे, आणि ती मलाही सल्लागार झाल्यावरच उमगली. आपल्याकडचं महिला मंडळ चाळीस वर्षं त्याच बायकांचं असू शकतं. दादरला माझी आई ज्या मंडळात हळदीकुंकवाला जायची, त्यातल्या निम्म्या बायका तिच्या पंचाहत्तरीलाही होत्या. कॉलेजातल्या मंडळाला ही चैन नाही. दर मे महिन्यात पाव सभासद निघून जातात, तेही नेमके ज्यांना सगळं येतं ते. ऐंशी जणींच्या सॉरॉरिटीतूनही दरवर्षी वीसेक जणी जातात. तिला नुसतं आहे तिथे उभं राहायला वीस नव्या मुली लागतात. म्हणजे ती दर चार वर्षांनी अख्खी नव्याने स्थापन होते. आमच्या मुलींना वाटतं, आपण घसरतोय आणि त्या स्थिर आहेत. स्थिर कुणीच नाही. ऐंशी जणींत ती गळती दिसत नाही, सहा जणींत दिसते, इतकंच.

आणि सुरुवाती तर सगळ्याच मूठभरांच्या. मेन राज्यातल्या कोल्बी कॉलेजात १८७१ साली मेरी लो नावाची पहिली मुलगी दाखल झाली. पुढे आणखी चार आल्या. या पाच जणींनी १८७४ च्या नोव्हेंबरात सिग्मा काप्पा काढली. कॉलेजने सांगितलं होतं, घटना आणि नियम लिहून अर्ज करा. त्यांनी तो केला. मेरी लो १८७५ मध्ये वर्गात पहिली आली, सगळ्या मुलांच्या वर. त्याच्या पाचेक वर्षं आधी इंडियानातल्या ग्रीनकॅसल गावी बेटी लॉक या मुलीला मुलांच्या एका मंडळाने आपला बिल्ला घालायला देऊ केला. बिल्ला घाल, सभासद मात्र होता येणार नाही. तिने तो नाकारला आणि १८७० च्या जानेवारीत तिघी मैत्रिणींना घेऊन काप्पा अल्फा थीटा काढली. चार जणी! हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींपासून अल्फा काप्पा अल्फा सुरू झाली. आज तिच्यात लाखो बायका आहेत. कमला हॅरिस त्यांतल्याच. त्याच हॉवर्डमध्ये १९१३ च्या जानेवारीत बावीस जणींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली, आणि दोन महिने व्हायच्या आत, ३ मार्चला, त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यावर बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. सरसकट सगळ्या बायकांना तेव्हा मत नव्हतं, आणि मोर्चातल्या गोऱ्या बायकांनाही या शेजारी नको होत्या. मला या गोष्टीतला क्रम आवडतो. त्यांनी आधी काम काढलं. सभासद किती होतील ते नंतर.

आपल्या पोरींची पाळी यायला १९९८ उजाडलं. अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला, त्यानंतर इंजिनिअर आणि डॉक्टर आले, त्यांची मुलं इथे जन्मली आणि नव्वदच्या दशकात झुंडीने कॉलेजात पोचली. १९९८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सॉरॉरिट्या निघाल्या: ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्क राज्यात सिग्मा सिग्मा ऱ्हो. घरी रात्री नऊची मुदत, बाहेर कुणाला नाव नीट उच्चारता येत नाही, आणि मोठ्या हवेल्यांत शिरावं तर तिथल्या गप्पांतला निम्मा संदर्भ कळत नाही. त्या मुली काय शोधत होत्या हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी स्वतः नव्वदच्या दशकाच्या शेवटी एम.एस.ला आले तेव्हा डाळ शिजवायच्या निमित्ताने एका खोलीत पाच जणी जमायचो. आम्ही त्याला ग्रीक अक्षरं लावली नाहीत, एवढाच फरक.

आता उलटी बाजू. ती सांगितली नाही तर आमची अध्यक्ष मुलगीच मला टोकेल, कारण तिने त्यावर निबंध लिहिला आहे. दाराबाहेर कुणाला ठेवायचं हे ठरवण्यात या संस्थांची कितीतरी वर्षं गेली. कृष्णवर्णीय मुलींना मज्जाव, ज्यू मुलींना मज्जाव, कॅथलिक मुलींना मज्जाव. वेगळ्या सॉरॉरिट्या निघाल्या त्या हौसेपेक्षा या मज्जावामुळे. हा फार जुना इतिहास म्हणावा तर अलाबामाच्या विद्यार्थ्यांच्या ‘क्रिमझन व्हाइट’ या वर्तमानपत्राने २०१३ मध्ये उघड केलं की उत्तम गुणांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्या सॉरॉरिट्यांनी नाकारलं, आणि काही ठिकाणी आतल्या मुली तयार असताना माजी सभासद बायकांनी ते हाणून पाडलं. नव्या मुलींचा छळ हा दुसरा रोग. त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर कायदा झाला, अशा घटना कॉलेजांनी आता जाहीर करायच्या आहेत. २०२० च्या उन्हाळ्यात व्हँडरबिल्टसारख्या विद्यापीठांतून सभासदांनीच राजीनामे देऊन ही सगळी व्यवस्था बंद करा म्हणून मागणी केली. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. बंद पडाव्यात अशा सॉरॉरिट्या आहेत, आणि त्या बंद पडल्या तर मी ग्रंथालयात पेढे वाटीन.

काहींनी मानाने दार लावून घेतलं. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली ज्यू मुलींनी सुरू केलेली आयोटा अल्फा पाय १९७१ मध्ये विसर्जित झाली. सिग्मा काप्पाची ती पहिली शाखा, पाच मुलींची, तीही आज नाही. कोल्बीने १९८४ मध्ये कॅम्पसवरच्या अशा सगळ्याच संस्था बंद केल्या. सिग्मा काप्पा मात्र इतर ठिकाणी चालू आहे. तेव्हा ‘बंद करू या का’ हा प्रश्न विचारण्यात काही पाप नाही. फक्त तो लाजेपोटी विचारू नये. आपलं काम उरलं आहे का, एवढंच पाहावं.

काम उरलं आहे की नाही ते मी मागच्या ऑक्टोबरात पाहिलं. बांगलादेशी मुलीचं घर डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिकला. एका संध्याकाळी तिच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्याचा फोन आला. तिच्याकडे गाडी नाही, आणि तिला त्या अवस्थेत बसमध्ये बसवायला कुणाचं मन धजावेना. पंजाबी मुलीने गाडी काढली, डेटनची मुलगी सोबतीला बसली, आणि रात्री त्या तिघी तिकडे पोचल्या. मागे राहिलेल्या तिघींनी तिच्या प्राध्यापकांना पत्रं लिहिली, प्रयोगशाळेच्या वहीचे फोटो काढले, तिच्या खोलीतल्या मांजरीला खाणं घातलं. ती मांजर वसतिगृहाच्या नियमांत बसत नाही, ते मी वाचलंच नाही असं समजते. वडील वाचले. तिच्या आईने नंतर शेमईचा डबा पाठवला, त्यातली वाटीभर माझ्या टेबलावर आली. ऐंशी जणींच्या सॉरॉरिटीतही असं होत असणार, नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण सहा जणींत ‘दुसरं कुणीतरी जाईल’ असं म्हणायला दुसरं कुणी नसतं.

म्हणून मी त्यांना सांगितलं, चालू ठेवा. आणि नुसतं ‘हिंमत धरा’ म्हणून पाठीवर हात फिरवायचा मला कंटाळा आहे, म्हणून कामाचंही सांगितलं. नावाच्या जाकिटांवर आता एक डॉलर घालवू नका. अकरा जणींच्या वेळी पंचवीस जाकिटं मागवली होती, त्यातली कपाटात अजून घड्या मोडायची आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींच्या मागे लागू नका, त्या आल्या तरी तुमच्याबरोबरच जातील. पहिल्या वर्षाच्या मुलीकडे जा, आणि तेही सप्टेंबरात, जेव्हा ती जेवणघरात फोनकडे बघत एकटी बसलेली असते. पोस्टर लावून कुणी येत नाही. ‘गुरुवारी सातला आम्ही चहा करतो, तू ये’ असं नाव घेऊन सांगितलं की येते. आली नाही तर पुन्हा एकदा सांगा, तिसऱ्यांदा नको. खजिनदार कोण होती, खोलीसाठी कुणाला लिहायचं, गेल्या वर्षी मेंदीच्या कार्यक्रमात किती तोटा आला, हे सगळं एका वहीत उतरवा. ही वही माझ्याकडे राहील, कारण मी मे महिन्यात जात नाही.

आणि घाबरून वाटेल तिला घेऊ नका, हेही. यावर त्यांच्यात वाद झाला. तेलुगू मुलगी म्हणाली, ‘आंटी, आधी निवडून निवडून घेणाऱ्यांना नावं ठेवता, आणि आता आम्हाला निवडायला सांगता?’ मुद्दा बिनतोड होता. माझं म्हणणं एवढंच की रंग, जात, धर्म, आईबापांचा पैसा, आणि कोण किती भारतीय किंवा किती अमेरिकन दिसते, हे पाहायचं नाही. आणि जी रात्री फोन उचलणार नाही, तिला नुसत्या आकड्यासाठी घ्यायचं नाही. माझं उत्तर तिला अजून पूर्ण पटलेलं नाही. जानेवारीपासून एक नेपाळी मुलगी गुरुवारच्या चहाला येते. तिने अजून फॉर्म भरलेला नाही आणि तिला कुणी विचारतही नाही. मला हे बरं लक्षण वाटतं.

या गुरुवारच्या चहाच्या वेळी मला पुष्कळदा पंडिता रमाबाई आठवतात. हे ओढूनताणून आणलेलं नाही. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि अडीच वर्षं अमेरिकाभर फिरल्या. इथल्या बायका मंडळं कशी काढतात, वर्गणी कशी गोळा करतात, सभा कशा चालवतात, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि १८८९ च्या आपल्या मराठी प्रवासवर्णनात कौतुकाने लिहिलं. ज्या अमेरिकन कार्यकर्त्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला, त्या स्वतः अल्फा फाय या सॉरॉरिटीच्या सभासद होत्या. बॉस्टनला १८८७ च्या डिसेंबरात रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि गावोगाव तिची छोटी छोटी मंडळं निघाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलींनीही काढलं. ओळखदेख नसलेल्या हिंदू विधवांच्या शाळेसाठी या मुली वर्षानुवर्षं वर्गणी भरत राहिल्या. आपल्या आजी-पणज्यांच्या शिक्षणात अमेरिकन कॉलेजातल्या अशा मूठभर पोरींचाही वाटा आहे, हे आमच्या मुलींना ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा गयानाची मुलगी म्हणाली, ‘मग आपण ते पैसे परत करायला हवेत.’ तिच्या त्या वाक्यावरून आता त्या एका शिष्यवृत्तीसाठी समोसे विकतात.

त्या वर्गणीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला शारदा सदन सुरू झालं तेव्हा तिथे दोन विद्यार्थिनी होत्या. दोन! पुढे संख्या वाढली, शाळा पुण्याला गेली, आणि १८९३ मध्ये धर्मांतराचा गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. धर्मांतराच्या प्रश्नावर त्या वेळी कोण बरोबर होतं, हा वाद मराठीत अजून मिटलेला नाही आणि मी तो इथे मिटवणार नाही. पण एकेका मुलीचं गाठोडं दारातून बाहेर जाताना पाहत असलेल्या त्या बाईंनी दुसऱ्या दिवशीही वर्ग भरवला. शारदा सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई त्याच वर्षी आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. सदनाचा पट त्या वर्षी आकसला, हे खरं. मात्र तिथून एक बाई बाहेर पडली आणि तिने पुढचं काम हातात घेतलं, हेही तितकंच खरं.

माझे वाचक असलेल्या आईवडिलांपैकी काहींची मुलगी इथे कॉलेजात असेल, किंवा पुढच्या ऑगस्टात पुण्याहून, नागपूरहून, पणजीहून येणार असेल. एखाद्या संध्याकाळी ती फोनवर म्हणेल की मी एका नव्या सॉरॉरिटीत जातेय, आमच्यात सातच जणी आहेत, वर्गणी भरायची आहे. लगेच नाही म्हणू नका. पैसे कशावर खर्च होतात ते विचारा. नव्या मुलींना काही करायला लावतात का, लावत असतील तर काय, हे खोदून विचारा. उत्तर देताना ती अडखळली तर तिथून निघून यायला सांगा. मागच्या वेळी तू आजारी पडलीस तेव्हा औषध कुणी आणलं, तेही विचारा. उत्तरं सरळ आली तर पैसे पाठवा, आणि ‘सातच का?’ असं विचारू नका.